सेकंड हँड सात सीटर घेताय? इसार देण्याआधी ‘या’ गोष्टी तपासाच

कळस (ता. इंदापूर) : आजी-आजोबा, नवरा-बायको, दोन मुलं आणि एखादा पाहुणा. लग्नाला जायचं असो, जेजुरीला की बारामतीच्या दवाखान्यात, पाच सीटर गाडी अपुरी पडते. उसाचं बिल जमा झालं की अनेक घरांत जुन्या सात सीटरची शोधाशोध सुरू होते. मात्र घाईत दिलेला इसार महागात पडू शकतो.

कोणती गाडी?
मारुती अर्टिगा २०१२ मध्ये आली, दुसरी पिढी नोव्हेंबर २०१८ मध्ये. डिझेल अर्टिगा २०२० मध्ये बंद झाली. सीएनजी गाडीत सिलिंडर सामानाची जागा खातो. त्याची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का, ते पाहा. रेनो ट्रायबर (२०१९) चार मीटरपेक्षा लहान असून शेवटची सीट काढून ठेवता येते. पण इंजिन एक लिटरचं आहे, त्यामुळे सात जण बसवून चढावर चालवून बघा. डॅटसन गो प्लस स्वस्तात मिळते. पण डॅटसनने एप्रिल २०२२ मध्ये भारतातला व्यवसाय गुंडाळला. पार्ट मिळतात का, हे आधी मेकॅनिकला विचारा.

गाडी कशी तपासाल?
सकाळी इंजिन थंड असताना जा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. चिखलाचे डाग किंवा कुबट वास असेल, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका, अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी बघा. गाडी पूर्वी टॅक्सी होती का, तेही विचारा. अशा गाडीचं रनिंग जास्त असतं.

कागदपत्रं कोणती?
वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव, विमा आणि कर्जाचा बोजा पाहा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. बारामती, इंदापूरच्या गाड्यांची नोंद बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात (एमएच ४२) होते. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते.

कायद्यानुसार राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच असतो, तो गाडीसोबत मिळत नाही.

नाव बदललं नाही तर?
२००९ च्या एका अपघातातली गाडी तोपर्यंत अनेक हातांत फिरली होती, पण आरसीवर पहिल्याच मालकाचं नाव होतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच टाकली. म्हणजे नाव न बदलल्यास विकणारा अडकतो. घेणाऱ्यालाही धोका आहेच. विमा नावावर नसेल, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

त्यामुळे ओळखीतला व्यवहार असला तरी इसाराची लेखी पावती घ्या. फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय आणि बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. देवदर्शनाला गाडी काढायची ती विमा नावावर झाल्यावरच.