पडसे आणि समुद्राचा तळ

गोव्यातील मुरगावजवळचे ग्रँडे बेट, मालवणचा किनारा किंवा मुरुडेश्वरासमोरील नेत्राणी बेट येथे पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्रतळ पाहावयास आज दूरदूरचे प्रवासी येतात. रात्रभराच्या प्रवासाने कित्येकांचे नाक चोंदते. पैसे तर भरलेले असतात. मग ‘एवढ्याशा पडशाने काय होते?’ असे मन म्हणू लागते. त्याचे उत्तर आम्ही येथे देऊ इच्छितो.

आपल्या कपाळात, गालांत, डोळ्यांच्या मधल्या भागात व नाकामागे खोलवर हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. या पोकळ्या अरुंद वाटांनी नाकाशी जोडलेल्या असतात. पडशाने आतील श्लेष्मल त्वचा सुजली की त्या वाटा बुजतात.

समुद्रसपाटीवर हवेचा दाब एक वातावरण असतो. पाण्यात १० मीटर उतरताच एकूण दाब दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच : तापमान तेच राहून दाब दुप्पट झाला, तर हवेचे आकारमान निम्मे होते. फुगा असता तर आक्रसला असता. हाडाची पोकळी कशी आक्रसणार? वाट मोकळी असल्यास श्वासाची हवा आत शिरून दाब समान होतो. वाट बुजली असल्यास आतील त्वचा अधिकच सुजते, रक्त पाझरते आणि कपाळात असह्य कळ उठते.

नाक मोकळे करणारे थेंब घालून उतरावे, असे कोणी सुचवितात. परंतु औषधाचा अंमल पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना प्रसरण पावणारी हवा आतच कोंडते. उतरताना दुखले तर मागे फिरता येते. वर येताना दुखले, तरी नळकांड्यातील हवा संपण्यापूर्वी वर यावेच लागते. खरा धोका येथे आहे.

म्हणून एक दिवस आधी पोहोचावे व एखादा दिवस हाताशी राखावा. भरपूर पाणी प्यावे. उकळून निववलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुतल्यास आराम पडतो. पाण्यात शिरताना पाय खाली ठेवून सावकाश उतरावे. हवेच्या आकारमानात सर्वाधिक फरक पहिल्या १० मीटरांतच पडतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकण्याची क्रिया प्रारंभापासूनच वरचेवर करावी. दुखू लागताच थांबावे, थोडे वर यावे. जोराने फुंकू नये. वर आल्यावर नाकातून रक्त आले किंवा वेदना राहिली, तर डॉक्टरांस दाखवावे. चोंदलेल्या नाकाने विमानप्रवास केल्यास विमान उतरताना हाच त्रास होतो, हेही ध्यानी असावे.

नाक चोंदलेले असता मात्र उतरूच नये. प्रशिक्षकास तसे निःसंकोच सांगावे. बुडालेले पैसे पुन्हा मिळविता येतात, एवढे ध्यानी ठेवले तरी पुरे.