कात्रणातले औषध आणि शास्त्रज्ञांचा निबंध

२०२४ च्या फेब्रुवारीत एक बातमी घरोघरी पोहोचली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील शास्त्रज्ञांनी शंभर रुपयांची गोळी शोधली, कर्करोग पुन्हा उद्भवणार नाही! गोळीत द्रव्ये दोनच : द्राक्षाच्या सालीत असणारे रेझव्हेराट्रॉल आणि तांबे. नाशिककरांना द्राक्षांचे काय कौतुक? आमच्या वस्तीतील एका ताईंनी ते कात्रण उशाशी ठेवले, तांब्याच्या भांड्यातील पाणी व द्राक्षे सुरू केली आणि केमोची तारीख चुकवली.

बातमीत ‘उंदरांवर’ हा शब्द होता. तो घरात कोणी मोठ्याने वाचलाच नाही.

वाचकहो, शास्त्रज्ञांचा मूळ निबंध बातमीसारखा नसतो. मी पडलो बी.कॉम. कारकून, मला तो हिशेबाच्या वहीसारखा वाटतो. आरंभी सारांश. मग प्रस्तावना, म्हणजे आजवर कोणी काय केले आणि आमचा विचार काय. टाटाच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचे म्हणणे असे की, मरणाऱ्या कर्कपेशींतून गुणसूत्रांचे अतिसूक्ष्म तुकडे बाहेर पडतात व निरोगी पेशींत शिरून त्यांना बिघडवतात. रेझव्हेराट्रॉल व तांबे एकत्र आले की ते तुकडे नष्ट होतात.

नंतर येते ‘पद्धती’. हे सगळे व्हाउचर समजा. उंदीर किती, कोणत्या जातीचे, औषध किती मिलिग्रॅम, किती दिवस, औषध न दिलेला दुसरा गट कोणता, नैतिक समितीची परवानगी होती का. परक्या प्रयोगशाळेला तोच प्रयोग करून पाहता आला पाहिजे, इतके तपशील द्यावे लागतात. पुढे निष्कर्षाचे आकडे आणि शेवटी चर्चा. आपल्या प्रयोगाच्या मर्यादा शास्त्रज्ञ तिथेच मान्य करतात, पण बातमीत नेमका तोच भाग गळतो.

छापण्यापूर्वी संपादक निबंध त्या विषयातील जाणकारांकडे पाठवतात. त्यांच्या शंका ऑडिटच्या शेऱ्यांसारख्या परत येतात, उत्तरे द्यावीच लागतात. ऑडिट होऊनही चुका राहतात, हे आम्हा कारकुनांना कोणी सांगायला नको.

आकडे लिहून ठेवल्याचा उपयोग पाहा. औषध नॅनोकणांत, म्हणजे मीटरच्या काही अब्जांश आकाराच्या कणांत भरून थेट गाठीपर्यंत न्यायचे, यावर जगभर ढीगभर निबंध निघाले. अशी औषधे वापरातही आहेत. डॉक्सिलला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. पण २०१६ साली टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतील ११७ निबंधांतील प्राण्यांवरील प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. गाठीत पोहोचलेला भाग निघाला दिलेल्या मात्रेच्या ०.७ टक्के, निम्म्या नोंदींत त्याहूनही कमी! ज्यांनी निबंध लिहिले त्यांच्याच वह्यांतून हा हिशेब निघाला.

ताईंच्या मुलाला घेऊन मी ते कात्रण पुन्हा ओळीओळीने वाचले. ‘उंदरांवर’ या शब्दाखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी मायलेक रुग्णालयात जाऊन केमोची नवी तारीख घेऊन आले. द्राक्षे खायला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही.