व्यसनमुक्ती उपचार, पुरुषांसाठी

मद्य, गर्द (ब्राऊन शुगर) इ. मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या पुरुषांवरील वैद्यकीय, मानसिक व सामाजिक उपचार. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ वर्षे व त्यांवरील पुरुषांपैकी सु. १९ टक्के, तर स्त्रियांपैकी जेमतेम १ टक्का मद्य घेतात. त्यामुळे येथील निवासी केंद्रे बहुधा पुरुषांसाठीच निघाली.

उपचाराचा आरंभ शरीर निर्विष करण्यापासून होतो. रोज भरपूर पिणाऱ्याने मद्य एकाएकी थांबविल्यास काही तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात आणि पुढे भ्रम व भास होऊन प्रसंगी मृत्यू ओढवतो. म्हणून रुग्णास घरात कोंडून दारू सोडविणे धोक्याचे असते. रुग्णालयात डायाझेपामसारखी औषधे उतरत्या मात्रेत व ब१ जीवनसत्त्व देतात. गर्द सोडताना यातना तीव्र होतात, पण जीव सहसा जात नाही. धोका नंतरचा असतो. सहनशक्ती घटलेल्या शरीरास पूर्वीची मात्रा प्राणघातक ठरते.

महाराष्ट्रातील या कार्याचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे ‘मुक्तांगण’. अनिल अवचट यांच्या गर्दविषयक लेखांनी अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, मानसोपचारतज्ञ अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये येरवडा येथील मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केले. तेथील निवासी उपचार ३५ दिवसांचा असून केंद्रातील कामे रुग्ण स्वतः करतात. व्यसनातून बाहेर पडलेले पूर्वीचे रुग्णच कार्यकर्ते होतात; थाप मारणारा व थाप ओळखणारा एकाच वाटेने आलेले असल्याने ही योजना फलदायी ठरते. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. कारण नवरा केंद्रात येण्यापूर्वी कित्येक वर्षे घर तिनेच सावरलेले असते आणि त्याच्या शब्दावरचा तिचा विश्वास ३५ दिवसांत परतत नाही.

हतबल कुटुंबीय कधीकधी रुग्णाच्या नकळत अन्नात डायसल्फिराम मिसळतात. त्यानंतर मद्य घेतल्यास रक्तदाब एकदम घसरून प्राणावर बेतू शकते. हे औषध रुग्णाच्या संमतीनेच द्यावयाचे असते. मनोरुग्णास साखळदंडाने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनाई केली असून मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित विकारही या अधिनियमाखाली येतात.

खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. पुण्यापासून सु. २१० किमी. वरील नाशिकच्या रुग्णास जुने मित्र व नेहमीचा गुत्ता दारातच भेटतात, समुपदेशक मात्र दूर राहतो. पुन्हा एकदा पिणे म्हणजे उपचार वाया गेला, असे मानून कुटुंब पाठ फिरविते. वस्तुतः अशी घसरण या विकारात वारंवार आढळते आणि त्याच वेळी रुग्णास परत आणणे अगत्याचे असते. या दृष्टीने अमेरिकेत १९३५ मध्ये निघालेल्या ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’च्या सभा उपयुक्त ठरतात. नाशिकसह अनेक शहरांत त्या भरतात. तेथे शुल्क नसते व आडनाव विचारीत नाहीत.