स्नूकरकडून पूलकडे : ॲलिसन फिशर यांनी टेबल का बदललं

(जालना येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्यात, ते मला इथून दिसतंय. स्नूकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वरच्या मजल्यावरचं काळ्या काचेचं दार, आत धूर आणि सगळी पोरं. मुली तिथे जात नाहीत. आपण जाऊ देत नाही, असं म्हणूया. म्हणून आज एका अशा बाईंबद्दल बोलायचं आहे, ज्यांनी या खेळालाच आपला व्यवसाय केलं. त्यांचं नाव ॲलिसन फिशर.

बाई इंग्लंडच्या, पण खेळ मात्र आपल्याकडचाच आहे बरं का. स्नूकर जन्मलं जबलपूरला, 1875 मध्ये, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. जालन्यातही तेव्हा इंग्रजांची छावणी होती. पावसाळ्यात अशा छावण्यांत करायचं काय, हा साहेबांचा मोठा प्रश्न. बिलियर्ड्सच्या टेबलावर जादा चेंडू टाकून त्यांनी तो सोडवला. पुढे या खेळांत आपण मागे राहिलो नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, 1964 मध्ये पुन्हा झाले.

आता स्नूकर आणि पूल यांतला फरक, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. स्नूकरचं टेबल बारा फूट बाय सहा फूट. पंधरा लाल चेंडू, सहा रंगीत आणि मारायचा पांढरा. एक लाल घालवायचा, मग एक रंगीत, पुन्हा लाल. लालचा एक गुण, काळ्याचे सात. पंधराही वेळा लाल-काळा जमलं तर 120, आणि शेवटी सहा रंगीतांचे 27. म्हणून 147 हा आकडा या खेळात देवासारखा आहे. पूलचं टेबल नऊ फुटी, चेंडू थोडे मोठे, साधारण लहानशा मोसंबीएवढे, आणि खिसे ऐसपैस. नाइन-बॉल प्रकारात टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी स्पर्श करावाच लागतो; नियमात राहून नऊ क्रमांकाचा चेंडू घालवला की डाव तुमचा. म्हणजे स्नूकरला चिकाटीचा हिशोब लागतो, तर पूल झटपट निकाल लावतं.

ॲलिसनबाईंचा जन्म 1968 चा. सातव्या वर्षी टीव्हीवर स्नूकर पाहिलं आणि वेड लागलं. सतराव्या वर्षी, 1985 मध्ये, महिलांचं जागतिक विजेतेपद. 1994 पर्यंत अशी सात. त्या काळात इंग्लंडातल्या कामगार क्लबांत बायकांना काय वागणूक होती, ते ऐका. वेकफिल्ड गावात शीला कॅपस्टिक नावाच्या बाईंना 1978 मध्ये क्लबने सांगितलं, तुम्ही स्नूकर खेळायचं नाही. त्या गप्प बसल्या नाहीत, मोहीम उभी केली. पण देशभरच्या त्या क्लबांच्या संघटनेने बायकांना पुरुषांच्या बरोबरीचं सभासदत्व दिलं कधी? 2007 मध्ये! तेव्हा टेबलाजवळ जाऊ न देणं हा काही आपल्याच गावाचा रोग नाही.

1991 मध्ये दोन गोष्टी घडल्या. ॲलिसनबाईंनी स्टीव्ह डेव्हिस यांच्या जोडीने जागतिक मिश्र दुहेरी जिंकली. डेव्हिस म्हणजे सहा वेळचे जगज्जेते. आणि पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा सगळ्यांना खुली झाली, बायकांनाही. वाटलं, झालं काम. पण दार उघडलं तरी आत शेकडो खेळाडूंची रांग, पात्रता फेऱ्यांमागून फेऱ्या, आणि जाण्यायेण्याचा खर्च आपला. उलट महिलांच्या स्पर्धेत जिंकून जिंकून थकावं, तरी बक्षीस तुटपुंजं. सात वेळा जगज्जेती झालेली बाई वर्षाअखेरीस वही उघडते आणि जमाखर्च जुळत नाही, हे मला त्या कारकिर्दीतलं सर्वांत बोलकं चित्र वाटतं.

अमेरिकेत मात्र महिला व्यावसायिक पूल खेळाडूंची स्वतःची संघटना होती, 1976 पासूनची. तिचे सामने टीव्हीवर दिसत, प्रायोजक येत. 1995 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी देश सोडला, खेळही सोडला आणि दुसऱ्या टेबलावर नव्याने सुरुवात केली. हे सोपं नव्हतं. फोडणीचा फटका वेगळा, क्यूचं टोक जाड, चेंडू जड. पण बारा फुटी टेबलावर अरुंद खिशात चेंडू घालायची सवय असलेल्या हाताला नऊ फुटी टेबल म्हणजे गल्लीतून हमरस्त्यावर आल्यासारखं. सरळ फटका ही त्यांची ठेव होती, बाकीचं त्या शिकल्या. 1996, 1997, 1998 आणि 2001 मध्ये नाइन-बॉलच्या जगज्जेत्या. तिथल्या लोकांनी त्यांना ‘डचेस ऑफ डूम’ म्हटलं; आपण म्हणू ‘कर्दनकाळ सरदारीण’. (हशा)

त्यांच्यामागून केली फिशर गेल्या. आडनाव एक, नातं काही नाही. पाच वेळा स्नूकरच्या जगज्जेत्या. 2003 मध्ये महिला स्नूकरचा आधार काढून घेतला गेला आणि त्यांनीही पूलचा रस्ता धरला. म्हणजे एकीचा स्वभाव चंचल होता, असं नाही. खेळ त्यांनी सोडला नाही, खेळाने त्यांना पोसलं नाही.

आपल्याकडे? 2017 मध्ये सिंगापूरला विद्या पिल्लई जागतिक अंतिम फेरीत हाँगकाँगच्या एन्ग ऑन यी यांच्याकडून 6-5 अशा हरल्या. सामना चालला आठ तासांहून अधिक. ताकद नाही म्हणणाऱ्यांनी एवढा वेळ नुसतं उभं राहून दाखवावं! पुण्याच्या अरांचा सँचिस भारताकडून खेळल्या. अडचण अशी की ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही, आणि आशियाई स्पर्धांतून 2010 नंतर गेला. मग सरकारी मदत आटते. तेल कंपन्यांसारख्या ठिकाणी नोकरी मिळाली तर खेळाडू टिकतो, नाहीतर घरच्यांच्या जिवावर. त्यात टेबल तासाच्या भाड्याने, आणि मुलीला ते मिळणार दुपारी, गर्दी नसताना, कोणीतरी सोबत असेल तर.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘मुलगी नऊ वर्षांची आहे, टेबल उंच पडतं, काय करू?’ ताई, टेबल पावणेतीन फुटांहून थोडं उंच असतं, तिला वर्षभर थांबावं लागेल. तोवर घरच्या जेवणाच्या टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवा. डाव्या हाताचा पूल करून काठी बाटलीच्या तोंडातून आतबाहेर न्यायला सांगा, काचेला न लागू देता. रोज पंधरा मिनिटं. आवाज आला की पुन्हा पहिल्यापासून. आणि डावखुरी असेल तर हात उलटे, तिला मोडू नका.