दोरीला फुटलेली पालवी

दोरी म्हटली की आपल्याला विहीर आठवते, पाळणा आठवतो, बैलाचं दावं आठवतं. दोरी ही बांधून ठेवण्यासाठीच, अशी आपली समजूत. मृणालिनी मुखर्जी या शिल्पकर्तीनं मात्र याच दोरीतून फुलं, पक्षी, नाग आणि यक्षी उभ्या केल्या.

मृणालिनी यांचा जन्म १९४९चा, मुंबईतला. वडील बिनोदबिहारी मुखर्जी शांतिनिकेतनचे थोर चित्रकार, आई लीला शिल्पकार. बालपण डेहराडूनच्या झाडाझुडपांत आणि शांतिनिकेतनात गेलं. पुढे बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन हे गुरू लाभले. आपल्या कारागिरांच्या साहित्याकडे आणि कौशल्याकडे आदरानं पाहायला ते शिकवत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मृणालिनींनी बाजारात मिळणारी तागाची दोरी हाती घेतली.

त्यांची रीत साधी, पण कष्टाची होती. दोरी रंगवायची आणि धातूच्या सांगाड्याभोवती गाठीमागून गाठ मारत जायचं. आधी कागदावर रेखाटन नाही, छोटा नमुना नाही. एकेका शिल्पाला महिनोन्‌महिने लागत. कुठली घडी किती झुकेल, हे हाताइतकंच दोरीचं वजनही ठरवी. म्हणून ही शिल्पं घडवलेली नव्हे, उगवलेली वाटतात. १९८४ची ‘यक्षी’ किंवा १९९४ची ‘वनश्री’ पाहा. लांबून कुणी देवता वाटते. जवळ जावं तर पाकळ्या, साली, कातडीच्या वळ्या दिसू लागतात.

अशा कामाला अतिवास्तववादी म्हणतात. युरोपातल्या अतिवास्तववाद्यांनी न जुळणाऱ्या वस्तू शेजारी ठेवून पाहणाऱ्याला धक्का दिला. इथं धक्का नाही. यक्षीचा पाय लागला की झाड फुलतं, असं मानणाऱ्या भूमीत बाई आणि वेल यांच्यातली सीमा मुळातच पुसट आहे. शिवाय या मूर्ती कुठल्याच देवळातल्या नाहीत. त्यांच्यासमोर उभं राहताना कुणाला आपलं नाव-गाव सांगावं लागत नाही. माझ्यासारख्याला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

गाठी मारणं म्हणजे बायकांचं फावल्या वेळचं काम, ती हस्तकला, शिल्प नव्हे, हा समज पुष्कळ काळ टिकून होता. मृणालिनींनी त्याच्याशी वाद घातला तो माणसापेक्षा उंच शिल्पं उभी करून. नव्वदच्या दशकात त्या भाजलेल्या मातीकडे वळल्या आणि पुढे कांस्याकडे. फेब्रुवारी २०१५मध्ये त्या गेल्या, तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन नुकतंच सुरू झालं होतं. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं, २०२२मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांची दोरीची शिल्पं मांडली गेली.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाला उद्देशून म्हणतो. मृणालिनींनी सुंभच सोडला आणि कांस्य हाती घेतलं. तरी त्या कांस्याच्या पानांकडे नीट पाहिलं, तर पीळ तोच दिसतो.