नवी पुस्तकं येतील, जुने कागद कुठे आहेत?

घटस्थापना झाली की पुस्तकांच्या दुकानात गल्ल्याजवळ प्रकाशनपूर्व सवलतीची पत्रकं दिसू लागतात. छापील किंमत अमुक, दिवाळीआधी पैसे भरले तर तमुक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आश्विन-कार्तिक हा मराठी वाचकाचा हंगाम ठरून गेला आहे. कादंबऱ्या-कवितांच्या जोडीला या पत्रकांत चरित्रं, इतिहास, शेती, पर्यावरण, आरोग्य अशी ललितेतर पुस्तकंही भरपूर असतात. मी जळगाव-धुळ्याचा वाचक असल्यामुळे पत्रक हातात आलं की आधी त्यात खानदेश शोधतो.

हा शोध केवळ गावाच्या प्रेमापोटी नाही. मराठीतलं विचारांचं आणि इतिहासाचं लेखन म्हटलं की डोळ्यांसमोर पुणं येतं, फार तर वाई. पण ज्या ललितेतर पुस्तकांवाचून मराठीचं कपाट अपुरं राहिलं असतं, त्यांतली काही धुळ्याच्या पांझरा नदीच्या काठी घडली आहेत. ती कशी घडली हे पाहिलं, म्हणजे पुढची कशी घडतील याचाही अंदाज येतो.

वार रविवार, तारीख 21 फेब्रुवारी 1932, जागा धुळ्याचा तुरुंग. सत्याग्रही कैद्यांसमोर विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. शेवटचं प्रवचन 19 जूनला झालं. विनोबांनी त्यातलं काही लिहून काढलं नव्हतं. ते बोलत गेले आणि त्याच तुरुंगात असलेले साने गुरुजी उतरवून घेत गेले. त्या वह्यांतून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक उभं राहिलं आणि पुढे देशातल्या बहुतेक प्रमुख भाषांत गेलं.

त्या लिहिणाऱ्या हाताचा मी नेहमी विचार करतो. साने गुरुजी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले, 1924 पासून तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिकवू लागले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज एक अंक, हातानं लिहिलेला. अठरा अध्यायांचं बोलणं ओघ न तुटता उतरवण्याची तयारी त्या दैनिकाच्या पानांवर झाली, असं मला वाटतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर विनोबांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन कोणी बसलं नसतं, तर हे पुस्तक तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेलं असतं.

अमळनेरचं ते तत्त्वज्ञान मंदिर 1916 साली श्रीमंत प्रताप शेठजींच्या पैशावर उभं राहिलं. शेठजी गिरणीमालक. म्हणजे खानदेशच्या कापसातून आलेल्या पैशाचा एक वाटा वेदान्ताच्या अभ्यासावर खर्च झाला. आजच्या बाजारभावाच्या चर्चेत ही गोष्ट आठवत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

कागदाची गोष्ट मात्र राजवाड्यांशिवाय पुरी होत नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म 1863 चा, कोकणातला. पत्नी लवकर गेली, पुन्हा लग्न केलं नाही. उरलेलं आयुष्य त्यांनी गावोगावचे वाडे, मठ, देवघरं आणि अडगळीच्या खोल्या धुंडाळण्यात घातलं. फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे रुमाल मिळवायचे, वाचायचे, नकला करायच्या, छापायचे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये आला. पानिपतच्या सुमाराची अस्सल पत्रं त्यात प्रथमच वाचकांसमोर आली. असे 22 खंड झाले. ‘राधामाधवविलासचंपू’ आणि ‘महिकावतीची बखर’ त्यांनीच छापून पुढे आणली. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहीन ते मराठीतच, हा त्यांचा निश्चय होता. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 साली त्यांच्याच पुढाकारानं निघालं. अखेरच्या दिवसांत ते धुळ्यात होते आणि 31 डिसेंबर 1926 रोजी तिथेच गेले. त्यांच्या संग्रहासाठी लगेच 1927 मध्ये धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं.

31 डिसेंबर 2026 रोजी राजवाड्यांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होतात. त्यामुळे राजवाड्यांवरच्या आणि राजवाड्यांच्या पुस्तकांची वाट पाहणं साहजिक आहे. त्यांचं समग्र साहित्य मंडळानं तेरा खंडांत छापलेलं आहे, ते अभ्यासकांच्या कामाचं. मला हवं आहे ते बारावीच्या मुलाला हातात धरता येईल असं तीनशे पानांचं निवडक पुस्तक, कठीण शब्दांवर टिपा असलेलं, आणि त्याला निर्भीड प्रस्तावना असलेलं. निर्भीड अशासाठी, की राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्त्या आज टिकत नाहीत आणि चातुर्वर्ण्याबद्दलची त्यांची मतं तर मुळीच पटण्यासारखी नाहीत. त्यांचे निष्कर्ष खोडले गेले, पण त्यांनी वाचवलेले कागद अजून कामाला येतात. हे दोन्ही एकाच पुस्तकात सांगणारा संपादक हवा.

त्याच धुळ्यात राजवाड्यांना अगदी समोरून भिडणारा विचारवंत झाला. कॉम्रेड शरद पाटील, जन्म 1925, निधन 2014. 1978 साली त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ हा त्यांचा ग्रंथ 1982 चा. जुन्या भारतीय समाजाची घडण समजून घ्यायची तर संस्कृत ग्रंथ मुळातून वाचले पाहिजेत, म्हणून हा माणूस चळवळ सांभाळून पाणिनी शिकला. विवाहसंस्थेच्या इतिहासात राजवाड्यांनी जे प्रश्न उघडले, त्यांतल्या कितीतरी प्रश्नांकडे शरद पाटील जात आणि स्त्रीसत्ता यांच्या बाजूनं गेले आणि वेगळ्याच उत्तरांवर पोचले. ग्रंथ सोपा नाही. मला तो दोनदा अर्ध्यावर ठेवावा लागला, तिसऱ्या वेळी पुरा झाला. एका शहरातले हे दोन अभ्यासक समोरासमोर ठेवून कोणी पुस्तक लिहिलं, तर प्रकाशनपूर्व सवलतीची वाट न पाहता मी ते घेईन.

धुळ्यातच वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ वाङ्मयाच्या हस्तलिखितांसाठी आयुष्य दिलं. मठामठांतून गोळा केलेल्या पोथ्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. समर्थांच्या हातचं म्हणून जपलेलं वाल्मीकी रामायणही त्यांत आहे. जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे सगळ्यांना ‘कोसला’मुळे माहीत आहेत, पण साहित्य अकादमीनं 1990 साली गौरवलं ते त्यांच्या ‘टीकास्वयंवर’ या समीक्षेच्या पुस्तकाला. त्याहूनही मागे जायचं तर चाळीसगावजवळच्या पाटण्याला जावं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यानं आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीसारख्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, असं तिथला शिलालेख सांगतो. गणिताच्या ग्रंथाचं अध्ययन चालू राहावं म्हणून सोय केलेली आणि ती दगडावर कोरून ठेवलेली, असं गाव आपल्या जिल्ह्यात आहे.

आता पुढचं. कोणत्या पुस्तकांची वाट पाहतो आहे?

पहिलं कापसाचं. 1861 ते 65 च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धानं मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला, भाव चढले आणि खानदेशची काळी जमीन एकाएकी जगाच्या बाजारात आली. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली. जिनिंग, सावकारी, गहाण पडलेली शेतं, गिरण्या, संप, मग केळी, मग ठिबक, हा दीडशे वर्षांचा प्रवास शेतकऱ्याच्या बाजूनं एका हाती लिहिलेला मला वाचायचा आहे. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नाव मिळतं. पण रावेर-यावलच्या शेतकऱ्यानं पाण्याच्या खाली जाणाऱ्या पातळीशी कशी झुंज घेतली, हे पुस्तकच सांगू शकतं.

दुसरं अहिराणीचं. 2011 च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे 18 लाखांहून अधिक आहेत. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश केला, ते फार मोठं काम झालं. अहिराणीत गाणी आहेत, ओव्या आहेत, अलीकडे चित्रफितींचा तर पूर आला आहे. मला हवं आहे ते अहिराणीतलं ललितेतर गद्य: पिकांवर, दुखण्यांवर, भाऊबंदकीवर, आखाजीवर, आजीच्या औषधांवर सरळ लिहिलेलं. ज्या भाषेत रोजचा हिशेब होतो, तिच्यात निबंध का लिहू नये?

तिसरं सातपुड्याचं. 1825 साली औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभारली, याच्या हकिकती साहेबाच्या बाजूनं भरपूर लिहिल्या गेल्या. भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक आणि 1858 ची अंबापाणीची लढाई पावरी-भिलोरीत कशी आठवली जाते, हे त्या पाड्यांवर वाढलेल्या मुलामुलींनी लिहावं. ती आता महाविद्यालयांत शिकत आहेत, शिकवतही आहेत.

आणि चाळीसगावचे केकी मूस. परदेशातून छायाचित्रकला शिकून आलेला हा माणूस जवळजवळ अर्धं शतक क्वचितच घराबाहेर पडला आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून त्यानं जग उभं केलं. त्यांच्याबद्दल दंतकथाच फार ऐकू येतात. त्यांच्या कामाचं तोलामोलाचं, चित्रांसह छापलेलं चरित्र मला कपाटात हवं आहे.

यांतलं कोणतंही पुस्तक नुसत्या लेखकाच्या बुद्धीवर होणार नाही. त्याला कागद लागेल. जिनच्या वजनपट्ट्या, सावकाराची खतं, सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं, आजोबांची पत्रं, शाळेची हस्तलिखितं, मागे तारीख लिहिलेले फोटो. हे कागद सरकारी दप्तरात थोडे आणि आपल्या माळ्यांवर जास्त आहेत.

आमच्या घरी आजोबांच्या कापसाच्या हिशेबाच्या वह्या होत्या. लाल कापडी बांधणीच्या, पहिल्या पानावर ‘श्री’, आणि रकमांच्या कडेला पावसाच्या नोंदी: कोणत्या नक्षत्राला किती पडला, नांगरणी कधी झाली, कोणाचा बैल गेला. एका दिवाळीच्या साफसफाईत त्या किलोच्या भावानं रद्दीत गेल्या. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि पोती खाली मीच उतरवली होती. आज तीस-चाळीस वर्षांच्या पावसाची ती नोंद कोणत्याही अभ्यासकानं आनंदानं वाचली असती. राजवाडे ज्या अडगळीत शिरायचे, ती हीच होती.

म्हणून या दिवाळीत नवी पुस्तकं नोंदवाच, आणि माळा झाडताना एवढं करा. जुनी वही, पत्र, खत किंवा मोडीतला कागद हाती आला तर रद्दीच्या ढिगात टाकू नका. त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. कोरड्या सुती फडक्यात बांधा, आत वाळवी-कसर लागली आहे का ते पाहा, आणि घरात ज्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल त्यांच्याकडून कोणाचा, कुठला, केव्हाचा हे एका चिठ्ठीवर लिहून घ्या. फोनवर पानापानाचे फोटो काढून ठेवा. वाचता आला नाही, तर धुळ्याला राजवाडे मंडळात नेऊन दाखवा.