खैरलांजीची फाशी आणि शांतारामबापूंचे सहा कैदी

वर्षावासातल्या एका शनिवारी बेलापूरच्या विहारात वंदना झाल्यावर आम्ही भिंतीला पांढरी चादर लावून 'दो आँखें बारह हाथ' दाखवला. 1957 सालचा चित्रपट. 'झनक झनक पायल बाजे'चे रंग उधळून झाल्यावर व्ही. शांताराम पुन्हा काळ्या-पांढऱ्यावर आले आणि एक ओसाड माळ, एक पडके घर व सहा कैदी एवढ्या भांडवलावर त्यांनी हा चित्रपट उभा केला. सहाही जण खुनी. जेलर त्यांना तुरुंगातून काढून माळावर नेतो आणि शेती करायला लावतो.

चित्रपट संपला तसा मागच्या ओळीतला एक पोरगा उभा राहिला. "वकीलसाहेब, सोनईच्या खुन्यांनाही असेच शेत द्यायचे का? भाजी पिकवायला?"

सभा गप्प झाली. सोनई आमच्या शेजारच्या नेवासे तालुक्यातली. 1 जानेवारी 2013 रोजी तिथे मेहतर समाजाच्या तीन तरुणांचे खून झाले, कारण त्यांच्यातल्या एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम होते. 2018 च्या जानेवारीत नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली तेव्हा आमच्या वस्तीतही समाधान व्यक्त झाले होते. पोराचा प्रश्न वावगा नव्हता.

आणि आम्ही तरी कोण मोठे? 2006 साली खैरलांजी घडली तेव्हा आम्ही नुकतीच वकिलीची सनद घेतली होती. 29 सप्टेंबरला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली आणि त्यानंतरच्या मोर्चांत 'फाशी द्या' ही घोषणा घसा फुटेस्तोवर देणाऱ्यांत आम्हीही होतो. त्या संतापाची आम्हाला आजही लाज वाटत नाही. परंतु त्या घोषणेचे पुढे काय झाले, हे चळवळीने एकदा शांतपणे तपासले पाहिजे.

2008 च्या सप्टेंबरमध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. गावोगाव पेढे वाटले गेले. मात्र त्याच निकालात अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे नाकारली गेली होती! 14 जुलै 2010 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचीही 25 वर्षांची कैद केली आणि अॅट्रॉसिटी तिथेही लागली नाही. म्हणजे ज्या जातीमुळे चार जीव गेले ती जात गुन्ह्याच्या नावातूनच गायब. आम्ही फाशी मागत होतो. व्यवस्थेने ती काही काळ हाती दिली आणि जे खरे मागायला हवे होते ते आपल्याकडे ठेवून घेतले. वकील म्हणून आम्हाला हे उमगायला वेळ लागला, हे कबूल करतो.

आता दुसरे सहा जण पाहा. 2003 च्या जूनमध्ये एका बागेतल्या वस्तीवर दरोडा, बलात्कार आणि पाच खून झाले. पकडले कोणाला, तर भटक्या जमातीच्या सहा मजुरांना. 2006 साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांच्या गळ्यात फास अडकवला. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे सिद्ध व्हायलाही वर्षे गेली. अखेर 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळेच चौघे ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षांची कैद आणि माणशी पाच लाख रुपये भरपाई. 2009 नंतर लगेच दोर ओढला असता तर ती भरपाई कोणाच्या हातावर ठेवली असती?

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. खोटा पुरावा रचून अनुसूचित जाती-जमातीच्या निर्दोष माणसाला फासावर पोचवणाऱ्याला अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3(2) मध्ये देहदंड सांगितला आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक भटक्या-विमुक्तांना मात्र त्याचाही आधार नाही, कारण त्यांची यादीच वेगळी.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 साली देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अहवाल काढला. त्यात शंभरातले 74 जण आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. फाशी मागणाऱ्याने हा आकडा खिशात ठेवावा.

बाबासाहेबांना हे कोणी सांगावे लागले नाही. 3 जून 1949 रोजी संविधान सभेत देहदंडाच्या खटल्यांतील अपिलांवर वाद चालू होता. तेव्हा अपिलाच्या तरतुदींवर खल करण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल, असे त्यांनी स्पष्ट मांडले. अहिंसेला नीतितत्त्व मानणाऱ्या देशाला तेच शोभते, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना त्यांनी अंगुलिमालाची कथा गाळली नाही.

शांतारामबापूंचा चित्रपट निर्दोष आहे असे मात्र समजू नका. मारले गेलेले कोण होते, त्यांच्या घरच्यांचे काय झाले, हे तिथे नजरेत भरत नाही. कैदी पळून जातात आणि जेलरच्या डोळ्यांच्या धाकाने परत येतात. सारा उद्धार एका सज्जन माणसाच्या नजरेवर टांगलेला. असल्या नजरा आम्ही पिढ्यानपिढ्या पाहिल्या आहेत. परंतु कथेला पाया आहे. औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली आणि त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी ही कथा लिहिली. कैदी तिथे बायकापोरांसह राहून शेती करत.

त्या पोराला आम्ही सांगितले, खुन्याला शेत द्या असे आमचे म्हणणे नाही. तो तुरुंगात राहू दे, पण जातीच्या गुन्ह्याचे नाव त्याच्या निकालपत्रावर लागू दे. 2016 च्या जानेवारीपासून अॅट्रॉसिटी कायद्यात कलम 15 अ आले आहे. जामिनाच्या आणि शिक्षेच्या वेळी पीडिताचे म्हणणे ऐकणे, साक्षीदारांना संरक्षण, सुनावणीचे चित्रीकरण, हे सर्व त्यात आहे. साक्षीदार फुटू नये म्हणून तारखेला विहारातली किती माणसे न्यायालयात जाऊन बसतात, हे त्याला विचारले. त्याने मान खाली घातली. आम्हीही घातली, कारण फार जात नाहीत.

पुढच्या शनिवारी तो दोन मित्रांना घेऊन आला आणि कलम 15 अ मराठीत कुठे मिळेल म्हणाला. झेरॉक्स काढून दिल्या आहेत. फाशीबद्दल त्याचे मत अजून तेच आहे.